शेतकऱ्याचा घरखर्च : काटकसर आणि शिल्लक

बी कोणते पेरावे, खत किती द्यावे, माल कोणत्या बाजारात न्यावा, यांविषयी गावच्या पारावर नित्य चर्चा चालते. परंतु खळ्यावरून घरात आलेल्या धान्याचे आणि बाजारातून हाती आलेल्या पैशाचे पुढे काय होते, याची चर्चा क्वचितच होते. शेतीचे उत्पन्न वर्षातून एकदा किंवा दोनदा येते. खर्च मात्र रोज सकाळी चूल पेटताच सुरू होतो. नोकरदारास महिन्याचा पगार मिळतो व त्यास महिन्याचा हिशेब ठेवावा लागतो. शेतकऱ्यास वर्षाचा हिशेब ठेवावा लागतो, आणि तो अधिक अवघड आहे.

कोरडवाहू भागात ही अडचण विशेष जाणवते. पौष-माघात भरलेले घर आषाढ-श्रावणात रिकामे होते. नेमके त्याच सुमारास बी-खत घ्यावयाचे असते, मुलांची शाळा सुरू झालेली असते, आणि पावसाळ्यातील आजारही त्याच वेळी घरात शिरतात. हातातील पैसा संपलेला आणि नवे पीक अद्याप शेतात उभे, अशा या तीन महिन्यांच्या खिंडीतूनच कर्ज घरात प्रवेश करते. म्हणून काटकसर हा केवळ सद्गुणाचा विषय नाही. शेत स्वतःच्या ताब्यात राहील की नाही, हे पुष्कळदा त्यावरच ठरते.

कर्जाचे मूळ लहान खर्चात

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खातेवही व कर्जरोखे हस्तगत करून जाळले. हे लोण पुणे व नगर या जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि पुढे 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांना काही संरक्षण देणारा कायदा झाला. त्या आयोगाने एक महत्त्वाची गोष्ट नोंदवून ठेवली आहे. लग्नकार्यातील उधळपट्टीमुळे शेतकरी कर्जबाजारी होतो, असा तेव्हाही सार्वत्रिक समज होता. आयोगाला मात्र असे आढळले, की या कारणाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे. अन्नधान्य, बी-बियाणे, बैल, सरकारी सारा अशा वारंवार येणाऱ्या लहान लहान गरजांसाठी काढलेले कर्जच साचत जाऊन मोठे होते.

दीडशे वर्षे लोटली तरी या निरीक्षणातील अर्थ शिळा झालेला नाही. लग्नाचा खर्च डोळ्यांत भरतो, त्यामुळे तो सर्वांना दिसतो. किराणा दुकानातील उधारी, रोजचा बाहेरचा चहा, किडलेले पोतेभर धान्य, हे कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, असाच तो प्रकार होय. यास्तव काटकसरीचा आरंभ या न दिसणाऱ्या खर्चापासून करावा.

पहिले साधन : घरखर्चाची वही

शंभर पानांची एक वही आणावी. प्रत्येक पानावर तीन रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात रोख पैसे देऊन घेतलेल्या वस्तू लिहाव्यात. दुसऱ्यात उधारीवर घेतलेल्या वस्तू लिहाव्यात. तिसऱ्यात घरचे धान्य, दूध, भाजी यांपैकी जे वापरले किंवा विकले, त्याची नोंद करावी. हा तिसरा रकाना पुष्कळ जण वगळतात. परंतु घरचे धान्य हाही पैसाच आहे. शाळेत जाणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे हे काम सोपवावे. रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर घरातील सर्वांनी आपापला खर्च सांगावा व त्याने तो लिहावा. घरच्या कर्त्या पुरुषाने आपलाही खर्च सांगावा. नाहीतर वही खोटी ठरते.

एक महिना झाल्यावर बेरीज करावी. पहिल्याच महिन्यात काही आकडे घरातील मंडळींना चकित करतात. समजा, बाहेरचा चहा, तंबाखू व सुपारी यांवर एका माणसाचे दिवसाला 20 रुपये जातात. महिन्याला ते 600 रुपये होतात आणि वर्षाला 7,300 रुपये. हा खर्च मुळीच करू नये, असे कोणी म्हणणार नाही. परंतु तो किती आहे, हे करणाऱ्यास ठाऊक असले म्हणजे तो कोठे थांबवावा, हे त्याचे त्यालाच कळते.

उधारीचा रकाना विशेष लक्षपूर्वक पाहावा. उधारीवर माल नेणाऱ्यास भाव करता येत नाही, वजनाबद्दल बोलता येत नाही आणि दुकान बदलताही येत नाही. व्याज निराळे लावलेले नसले, तरी ते भावात धरलेले असू शकते. यावर एक सोपा उपाय आहे. शेजारच्या चार-पाच कुटुंबांनी मिळून महिन्याचा किराणा तालुक्याच्या ठिकाणाहून रोखीने ठोक घ्यावा. तेलाचा 15 किलोचा डबा, गुळाची भेली, मीठ, साबण या वस्तू एकत्र घेऊन घरी मापाने वाटून घ्याव्यात. ज्या कुटुंबाजवळ आरंभी रोख रक्कम नाही, त्याने सुगीचा पैसा हाती येताच एका महिन्याच्या किराण्याची रक्कम बाजूला काढावी, म्हणजे हे चक्र सुरू करता येते.

विकलेला दाणा पुन्हा विकत घेणे

शेतकरी कुटुंबाचा सर्वांत मोठा टाळता येण्याजोगा खर्च स्वतःच पिकवलेल्या धान्यावर होतो. सुगीत सर्वांचा माल एकदम बाजारात येतो व भाव उतरतात. देणे भागवण्यासाठी शेतकरी खाण्याचे धान्यही विकतो. आषाढात तेच धान्य चढ्या भावाने परत आणतो. म्हणून धान्य विकण्यापूर्वी कुटुंबाची वर्षाची गरज मोजावी.

पाच माणसांच्या कुटुंबास दररोज सुमारे 2 किलो धान्य लागते असे धरल्यास वर्षाला 7 क्विंटलहून थोडे अधिक धान्य लागते. कुटुंबास शिधापत्रिकेवर धान्य मिळत असल्यास ते यातून वजा करावे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य गटातील कुटुंबास माणशी दरमहा 5 किलो धान्य मिळते. म्हणजे पाच माणसांस वर्षाला 3 क्विंटल. उरलेली गरज घरच्या ज्वारी-बाजरीतून राखून ठेवावी व नंतरच विक्रीचा विचार करावा.

डाळीचा हिशेब याहून बोलका आहे. माणशी दिवसाला 50 ग्रॅम डाळ धरली, तर पाच माणसांस वर्षाला सुमारे 91 किलो डाळ लागते. 100 किलो तुरीपासून साधारण 70 किलो डाळ निघते असे धरल्यास 91 किलो डाळीसाठी 130 किलो तूर लागेल. समजा, तूर किलोला 70 रुपयांनी विकली आणि तुरीची डाळ 130 रुपयांनी विकत घेतली. 130 किलो तुरीचे 9,100 रुपये आले आणि 91 किलो डाळीसाठी 11,830 रुपये गेले. म्हणजे 2,730 रुपये पदरचे गेले. डाळ करून घेण्याची मजुरी किलोला 8 रुपयांप्रमाणे 1,040 रुपये वजा केली, तरी 1,690 रुपये वाचतात. शिवाय चुणी व कोंडा गुरांना मिळतो, तो निराळाच. भाव दरवर्षी बदलतात. प्रत्येकाने आपल्या गावच्या भावाने हीच मांडणी करून पाहावी. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने गावपातळीवर चालवता येईल असे लहान डाळ गिरणी यंत्र विकसित केले आहे. ज्या गावात ते नाही, तेथे बचत गटाने त्याचा विचार करण्यासारखा आहे. जात्यावर भरडूनही डाळ होते; मात्र चुरा थोडा अधिक पडतो.

साठवण नीट, तर शिल्लक नीट

धान्य राखून ठेवले आणि ते किडले, तर काटकसरीचा उद्योग व्यर्थ जातो. साठवणीत तीन शत्रू आहेत : ओलावा, कीड आणि उंदीर.

धान्य साठवण्यापूर्वी कडक उन्हात वाळवावे. ज्वारी-गव्हासारख्या धान्यातील ओलावा 10 ते 12 टक्क्यांहून अधिक नसावा. कडधान्यात तो याहूनही कमी असावा. घरी मोजण्याचे यंत्र नसते. दाणा दाताखाली धरताच ‘कट्ट’ असा आवाज होऊन तो फुटला, म्हणजे तो वाळला असे समजावे. दबला, तर आणखी ऊन द्यावे. वाळवलेले धान्य थंड झाल्यावरच कोठीत भरावे. गरम धान्य भरल्यास आत घाम सुटतो व बुरशी धरते.

कडधान्यावरील भुंगेरा शेतातच शेंगांवर अंडी घालतो व दाण्याबरोबर घरात येतो. म्हणून तूर, मूग, चवळी ही काढणीनंतर लगेच वाळवावीत. हा भुंगेरा मुख्यतः अख्ख्या दाण्यात वाढतो. यास्तव खाण्यासाठी ठेवावयाच्या तुरीची डाळ लवकर करून घेणे हाच उत्तम बंदोबस्त होय. अख्खे कडधान्य ठेवावयाचे असल्यास किलोला सुमारे 5 मिलिलिटर खाद्यतेल सर्व दाण्यांस लागेल असे चोळावे. त्यामुळे अंडी उबत नाहीत. गव्हाला एरंडेल चोळण्याची रीत महाराष्ट्रातील घरोघरच्या गृहिणींस परिचित आहेच. कोठीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालण्याची पद्धतही चांगली आहे. पाला ओला मात्र नसावा.

जुनी पोती उकळत्या पाण्यात बुडवून, वाळवून मगच वापरावीत. जुन्या धान्यावर नवे धान्य ओतू नये. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर किंवा बांबूंवर, भिंतीपासून हातभर अंतरावर रचावीत. घट्ट झाकणाची पत्र्याची कोठी सर्वांत सोयीची, कारण तीत उंदीर शिरत नाही. एक उंदीर दिवसाला 20 ते 25 ग्रॅम धान्य खातो. दहा उंदीर वर्षाला 70 ते 90 किलो फस्त करतात आणि त्याहून अधिक नासवतात. दर पंधरा दिवसांनी कोठी उघडून पाहावी.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. धुरी देण्याच्या विषारी गोळ्या घरातील धान्यात कधीही ठेवू नयेत. त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू माणसाचा प्राण घेतो, आणि झोपण्याच्या खोलीत रचलेल्या पोत्यांमुळे असे अपघात घडलेले आहेत. तसेच, पेरणीसाठी औषध चोळलेले बियाणे उरले, तर ते धुऊनही खाऊ नये व गुरांना घालू नये.

सरपण, शेण आणि परसबाग

सरपणाची काटकसर चुलीपासून सुरू होते. वर्धा येथील मगनवाडीत, ग्रामोद्योगाच्या कार्यातून तयार झालेल्या मगन चुलीने धूर घराबाहेर काढण्याचा मार्ग पूर्वीच दाखवला. धुराडे असलेल्या सुधारित चुलीमुळे सरपण कमी लागते व गृहिणीचे डोळे आणि छाती यांस आराम मिळतो. गॅसवर स्वयंपाक होत असल्यास डाळ व कडधान्ये आधी भिजवावीत, भांड्यावर झाकण ठेवावे आणि उकळी फुटताच आच मंद करावी. उकळत्या पाण्याखाली कितीही मोठी आच ठेवली, तरी पाणी त्याहून अधिक तापत नाही.

शेण जाळणे ही मात्र सर्वांत महाग काटकसर आहे. गोवरी जळते, तेव्हा तिच्यातील नत्र हवेत जाते आणि शेतकरी तेच नत्र पुढे पोत्यातून विकत आणतो. चार-पाच जनावरे असलेल्या कुटुंबाने गोबरगॅसचा विचार करावा. 2 घनमीटर क्षमतेच्या सयंत्रास रोज सुमारे 50 किलो शेण लागते व चार-पाच माणसांचा स्वयंपाक त्यावर होतो. 1984 साली विकसित झालेला दीनबंधू नमुना विटांचा घुमट असलेला असून त्यास लोखंडी टाकी लागत नाही. गॅस वापरून झाल्यावर उरलेली मळी शेतास खत म्हणून मिळतेच. अशा रीतीने एकाच शेणाचा दोनदा उपयोग होतो.

घराजवळ एक गुंठा जागा असली, तरी भाजीचा खर्च पुष्कळ कमी होतो. कडेला शेवगा, कढीपत्ता, पपई व लिंबू यांचे एकेक झाड लावावे. कुंपणावर दोडका, कारले व दुधी चढवावा. मध्ये वांगी, मिरची व टोमॅटोचे वाफे करावेत. मेथी, पालक, माठ यांचे बी एकदम न टाकता दर पंधरा दिवसांनी एका वाफ्यात टाकावे, म्हणजे भाजी सतत मिळते. न्हाणीचे सांडपाणी चर काढून केळीला व अळूला द्यावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीवर ते सोडू नये. शेवग्याचा पाला पुष्कळ घरांत फेकून दिला जातो. त्याची भाजी मुलांना व गरोदर स्त्रियांना विशेष पोषक आहे.

सण, समारंभ आणि ऋण

सण साजरे करण्यास कोणाची हरकत नाही. ऋण काढून ते साजरे करण्यास आहे. 1873 साली महात्मा जोतीराव फुले यांनी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने साध्या व अल्प खर्चाच्या विवाहांचा प्रसार केला. संत गाडगे महाराजांनी आपल्या कीर्तनांतून खेडोपाडी हेच सांगितले, की कर्ज काढून समारंभ करू नका, त्यापेक्षा मुलांना शाळेत घाला. ही शिकवण महाराष्ट्राच्या घरचीच आहे.

कर्जाचे गणित एकदा कागदावर मांडून पाहावे. शेकडा दरमहा 3 रुपये हा दर ऐकण्यास लहान वाटतो. परंतु तो वर्षाला शेकडा 36 होतो. 10,000 रुपये घेतले व व्याजही भरता आले नाही, तर वर्षअखेर 13,600, दुसऱ्या वर्षी 18,496 आणि तिसऱ्या वर्षी 25,154 रुपये देणे होते. एका दिवसाच्या जेवणावळीचे ओझे असे तीन वर्षांत अडीचपट होते. याउलट सहकारी सोसायटीचे किंवा बँकेचे पीककर्ज मुदतीत फेडल्यास व्याजात सवलत मिळते. म्हणून पीककर्जाचा पैसा समारंभात वळवू नये. एकदा कर्ज थकले, की ती सवलत जाते आणि पुढील हंगामात पुन्हा खासगी सावकाराचे दार ठोठवावे लागते.

शिल्लक ठेवावी कोठे?

वाचवलेला पैसा घरात राहिला, तर तो पुन्हा खर्च होतो. शिल्लक आधी बाजूला काढावी व उरलेल्यात खर्च भागवावा, हा नियम चांगला. टपाल खात्याची बचत बँक 1882 पासून चालू आहे व गावच्या पोस्टातही खाते उघडता येते. बँकेतील ठेवीला 2020 पासून 5 लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला मात्र हे संरक्षण नाही, हे ध्यानी ठेवावे. थोड्या दिवसांत दामदुप्पट देण्याचे आमिष दाखवणाऱ्यापासून दूरच राहावे.

स्त्रियांसाठी बचत गट हे उत्तम साधन ठरले आहे. नाबार्डने 1992 साली गटांना बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम सुरू केला. आज महाराष्ट्रात गावोगावी असे गट आहेत. 12 सभासदांनी दरमहा 200 रुपये जमवले, तर वर्षात 28,800 रुपये होतात. ही रक्कम लहान असली, तरी आषाढात एखाद्या घरी मूल आजारी पडल्यास त्याच रात्री ती उपयोगी पडते. नियमित बैठक, नियमित बचत, गटांतर्गत कर्जवाटप, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब, या पाच गोष्टी पाळणारा गट टिकतो. यांपैकी हिशेब ढासळला, की बाकीच्या चारही ढासळतात.

काटकसरीची मर्यादा

काटकसर म्हणजे उपासमार नव्हे. पुष्कळ घरांत टंचाई आली, की पहिली काटछाट घरच्या स्त्रीच्या ताटात होते. ती सर्वांच्या मागून जेवते आणि उरेल ते खाते. वहीत या बचतीची नोंद कोठेच होत नाही, पण पुढे औषधाच्या रकान्यात तिची भरपाई करावी लागते. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीचे अन्न, मुलांचे दूध व डाळ, पिण्याचे स्वच्छ पाणी, वेळेवरचे औषध आणि मुलामुलींचे शिक्षण यांस काटकसरीची कात्री लावू नये. मुलीची शाळा बंद करून वाचवलेला पैसा हा सर्वांत तोट्याचा व्यवहार होय.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने काय करावे?

या विषयावर भाषण करण्यापेक्षा प्रात्यक्षिक करणे अधिक परिणामकारक ठरते. सुगीच्या आधी, गावातील पाच कुटुंबे निवडून त्यांच्याकडून वर्षाच्या धान्याचा व डाळीचा हिशेब मांडून घ्यावा. एका घरी कोठी स्वच्छ करणे, धान्य वाळवणे व तेल चोळणे ही कृती सर्वांसमक्ष करून दाखवावी. सभा स्त्रियांना सोयीची होईल अशा वेळी घ्यावी, कारण धान्याची कोठी त्यांच्याच हाती असते. तीन महिन्यांनी त्याच घरी पुन्हा जाऊन कोठी उघडावी. चांगले राहिलेले धान्य गावकऱ्यांना स्वतः पाहू द्यावे. कोणत्याही कुटुंबाच्या वहीतील आकडे मात्र चारचौघांत वाचू नयेत. घरचा हिशेब हा घरचाच राहिला पाहिजे.

1875 साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी जे कागद जाळले, त्यांवर त्यांचे अंगठे होते. पण त्यांतील आकडे त्यांना वाचता येत नव्हते. हिशेब एकट्या सावकाराच्या वहीत होता. आज घरातील मुलगा किंवा मुलगी तो आपल्या हाताने लिहू शकते. येत्या सुगीचे धान्य घरात येण्यापूर्वी ही वही उघडलेली असावी आणि पहिल्या पानावर कुटुंबाला वर्षभर किती दाणा लागतो, हा आकडा लिहिलेला असावा. तेवढा दाणा घरी राहिला, तर आषाढात कोणाच्या दारात उभे राहण्याची पाळी येणार नाही.